आई, तू उठू नकोस

"आई आता काहीच करत नाही. दिवसभर पलंगावर असते. जेवण निम्म्यावर आलंय. सगळे रिपोर्ट काढले, त्यात काही निघालं नाही. वयच झालं म्हणायचं, नाही का?"

मी बडोद्यात समुपदेशनाचं काम करते, मुख्यतः ज्येष्ठांचं आणि त्यांच्या घरच्यांचं. हा प्रश्न इतक्या तोंडून ऐकलाय की त्यावर मी आता थेट उत्तर देतच नाही, उलट विचारते: काहीच करत नाही हे कधीपासून? आणि त्याच्या आधी घरात काय झालं होतं? थोडं खणलं की बऱ्याचदा एक पडणं निघतं. हाड मोडलेलं नसतं, टाकेही पडलेले नसतात. पाय घसरला, मुका मार बसला, आठ-पंधरा दिवसांत दुखणं गेलं. घरच्यांच्या लेखी तो विषय तिथे मिटलेला असतो, म्हणून ते आपणहून सांगतही नाहीत.

खाली सांगते ते घर असंच. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि घरच्यांना विचारून लिहिते आहे.

मुलगा बँकेत, पन्नाशी ओलांडलेला. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, प्राथमिक शाळेत आयुष्य काढून निवृत्त झालेली. मी त्यांना मावशी म्हणते. घर दांडिया बाजाराच्या बाजूच्या एका जुन्या गल्लीतलं, राहणं वरच्या मजल्यावर. जुन्या बडोद्यातली घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना तो जिना सांगायला नको: उभा, लाकडी, पायरी जेमतेम पाऊल मावेल एवढी, आणि धरायला वरून सोडलेला दोर.

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, सोसायट्यांच्या आवारात मगरी निघाल्या, तो आठवडा कुठलाच बडोदेकर विसरलेला नाही. यांच्या गल्लीत पाणी आलं नाही, पण वीज गेली होती. रात्री अंधारात मावशी बाथरूमला उठल्या आणि ओल्या उंबऱ्याशी घसरल्या. एक्स-रे काढला, मनगट मुरगळलेलं निघालं. डॉक्टरांनी पंधरा दिवस जपायला सांगितलं. मुलगा माझ्याकडे आला तेव्हा पुढचा उन्हाळा लागला होता आणि ते जपणं अजून चालूच होतं.

त्यानं घरातली व्यवस्था मला सविस्तर सांगितली. सांगताना आवाजात थोडा अभिमानही होता, आणि तो काही चुकीचा नव्हता. आईसाठी इतकं करणारी मुलं मी रोज पाहत नाही. सकाळी आठ ते रात्री आठ बाई ठेवलेली. जिना बंद. भजनी मंडळ बंद. गॅसजवळ जायचं नाही. भाजी मोबाईलवरून मागवायची. उशाला बेल. आणि बँकेतून तो स्वतः दर तासा-दीड तासानं फोन करणार.

"एवढं करूनही ती खचतच चाललीय, मॅडम. परवा खुर्चीतून उठताना तिचे पाय अक्षरशः लटपटत होते. आता व्हीलचेअर आणावी का, हे विचारायला आलोय."

एरवी मी लोकांना माझ्याकडेच बोलावते. पण जिना उतरायची मनाई असलेल्या बाईला बोलावणार कसं? मीच गेले.

खोली स्वच्छ, हवेशीर. पलंगाशेजारी स्टुलावर झाकलेला तांब्या आणि भांडं. तासभर बोललो तरी तांब्याला हात लागला नाही. बाहेर बडोद्याचा मे महिना. मी म्हटलं, मावशी, घोटभर पाणी घ्या ना.

"नको गं. प्यायलं की जावं लागतं. जायचं म्हणजे हिला हाक मारायची, मग ही दाराशी उभी राहणार. आत्ता ती डबा खात असेल, तिला कशाला उठवू?"

त्या पाणी कमी पीत होत्या ते लाजेनं आणि भिडेनं. त्यातून बद्धकोष्ठ, त्यातून जेवणावरची वासना गेलेली, वर उठताना डोळ्यांपुढे अंधारी. हे कुठल्या रक्ततपासणीत दिसणार?

बोलता बोलता फोन वाजला. तो पलीकडच्या खोलीत फ्रिजवर चार्जिंगला लावलेला. बाई मागच्या गॅलरीत. ज्या मावशी दहा मिनिटांपूर्वी मला "पायात जीव नाही गं" सांगत होत्या त्या ताडकन उठल्या, एक चप्पल पायात, एक तशीच, भिंतीला हात लावत जवळजवळ पळतच निघाल्या. वाटेत पायपुसणं होतं, ते सरकलं. मी धरायला उठेपर्यंत त्या फोनपाशी पोचल्यासुद्धा होत्या. "हो रे, बरी आहे. हो, पलंगावरच आहे."

परत येऊन बसल्या, धाप लागलेली. म्हणाल्या, "उचलला नाही तर घाबरतो. मागं एकदा मी बाथरूममध्ये होते, तर बँक सोडून घरी आला होता."

त्या घरात दिवसभरात पडायचा सगळ्यात मोठा धोका आईनं पडू नये म्हणून केलेल्या फोनातच होता. मी हे तिथे बोलले नाही. मुलाला ते स्वतःला दिसायला हवं होतं.

पडण्याच्या भीतीचा अभ्यास करणारी मंडळी एक प्रश्नावली वापरतात. येल विद्यापीठातल्या मेरी टिनेटी यांनी १९९० मध्ये या मोजमापाची सुरुवात केली. पुढे युरोपातल्या अभ्यासकांनी त्यावरून १६ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. अमुक काम करताना पडण्याची किती काळजी वाटते, यावर १ ते ४ गुण द्यायचे. अंघोळ, कपडे घालणं, खुर्चीतून उठणं, जिना, उंचावरची वस्तू काढणं, निसरड्यावर चालणं, गर्दीत चालणं, समारंभाला जाणं अशी रोजची कामं त्यात असतात. आणि त्यातलं एक असं: फोन बंद व्हायच्या आत त्याच्यापर्यंत पोचणं. प्रश्नावली लिहिणाऱ्यांनी घरं नीट पाहिलेली दिसतात.

ती ज्येष्ठांनी स्वतःबद्दल भरायची असते. मी मात्र बऱ्याचदा दोन प्रती देते. एक आईनं स्वतःसाठी भरायची, दुसरी मुलानं आईबद्दल. शास्त्राच्या हिशोबानं दुसऱ्या प्रतीला किंमत नाही, गुणांची बेरीजही मी करत नाही. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवायला मला त्या लागतात.

मुलाच्या कागदावर जवळपास सगळीकडे चार. अंघोळ चार, कपडे चार, खुर्चीतून उठणं चार, शेजारी जाणं चार. मावशींनी खुर्चीला एक दिला होता, कपड्यांना एक, शेजारी जाण्याला एक. निसरड्या जागेला तीन, जिन्याला तीन. चार फक्त एकाच ठिकाणी होते, फोनला.

तो कागद त्याच्या हातात दिला तेव्हा तो बराच वेळ त्या एका ओळीवरच थांबला होता. मग म्हणाला, "पण मी फोन नाही केला तर मला कळणार कसं?"

"काय कळणार?"

मग वडिलांचं निघालं. काही वर्षांपूर्वी वडील याच घरात, याच बाथरूममध्ये पडले. घरात कोणी नव्हतं. तासाच्या वर तिथेच पडून होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, पण ते पुन्हा धड उभे राहिले नाहीत, छातीत कफ भरत गेला आणि तीन महिन्यांत गेले. "त्या दिवशी मी दुपारी एकदा फोन केला असता ना…" वाक्य त्यानं पुरं केलं नाही. दर तासाचा फोन तिथून आला होता. जिन्यावरची बंदी, बेल, बाई, सगळं तिथूनच.

अशा माणसाला "तुम्ही अती काळजी करताय" म्हणणं निरुपयोगी असतं. त्याची भीती खोटी नव्हतीच. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडणं काय असतं हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. मी त्याच्याशी दोन बैठका वडिलांबद्दलच बोलले, आईचा विषयही काढला नाही. माझ्या मते या सगळ्या कामातला निम्मा भाग तोच होता, पण त्यातलं इथे सगळं लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगते की 'त्या दिवशी' केलेल्या फोननं वडील लवकर सापडले असते, हे खरं होतं. आणि आईला रोज दहा फोन करून ते बदलत नव्हतं, हेही.

त्यानंतर मी त्याला झोपून राहण्याबद्दल सांगितलं. हे लोकांना माहीत नसतं. आजारपणात आराम केला की ताकद साठते, असा आपला पक्का समज. २००७ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा प्रयोग आला होता. साठीच्या पुढच्या धडधाकट माणसांना १० दिवस अंथरुणात ठेवलं. आजार काही नाही, नुसतं पडून राहायचं. दहा दिवसांत प्रत्येकाच्या पायांचं सरासरी एक किलोच्या आसपास मांस उतरलं. तरुण माणूस पडून राहिला तर ते भरून येतं. सत्तरीनंतर त्यासाठी मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात. मावशी दहा दिवस नाही, आठ-नऊ महिने जवळपास पलंगावर होत्या. पाय लटपटणार नाहीत तर काय होणार? आणि पाय लटपटतात म्हणून मुलगा अजून बंधनं घालणार, बंधनं घातली की पाय अजून जाणार. व्हीलचेअर आली असती तर पुढची पायरी तीच होती.

"म्हणजे मीच तिला असं केलं?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, हिशोब मागचा मांडायला बसलो तर संध्याकाळ जाईल. पुढचं ठरवू.

मी डॉक्टर नाही, म्हणून पहिलं काम त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठवण्याचं. मात्र विचारायचे प्रश्न मी लिहून दिले. 'सगळे रिपोर्ट नॉर्मल' म्हणजे जे काढले ते नॉर्मल. पडण्याच्या बाबतीत जे पाहायचं असतं ते बहुधा कोणी पाहिलेलंच नसतं. उदाहरणार्थ रक्तदाब. तो नेहमी बसवून मोजतात. आधी आडवं झोपवून आणि मग उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजला, आणि वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला, तर उठताना येणाऱ्या अंधारीचं कारण सापडतं. मावशींचा उतरला. पाणी कमी आणि रक्तदाबाच्या दोन गोळ्या, दोन्ही मिळून. डॉक्टरांनी एका गोळीची वेळ आणि मात्रा बदलली.

दुसरी झोपेची गोळी. मनगट दुखत होतं तेव्हा कोणीतरी लिहून दिली, ती चालूच राहिली. दिवसभर पलंगावर असलेल्या माणसाला रात्री झोप कशी येणार, म्हणून गोळी; गोळीची गुंगी सकाळी दहापर्यंत, म्हणून पुन्हा पलंग. या वर्गातल्या गोळ्यांनी वयस्कांमध्ये पडण्याचा धोका वाढतो, हे डॉक्टरांच्या जगात जुनं ज्ञान आहे, तरी आपल्या घराघरांत त्या 'अर्धीच घेते' म्हणून वर्षानुवर्षं चालतात. वाचून कोणी आजच त्या बंद करू नका. एकदम सोडल्या तर उलटा त्रास होतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायच्या असतात. मावशींच्या गोळीला दोन-अडीच महिने लागले.

तिसरं, तळपायांची बधिरता. मावशींना मधुमेह, त्यासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन चालू, आणि घरात अंडंही चालत नाही. शुद्ध शाकाहार आणि लांबवर चाललेलं मेटफॉर्मिन, दोन्हींनी बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होऊन अशी बधिरता येऊ शकते. तपासलं, कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झाली. शिवाय एका डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलेला आणि नाकावर दुहेरी काचांचा चष्मा. त्या चष्म्यातून खाली पायरीकडे पाहिलं की ती पुसट दिसते, कारण खालची काच वाचायची असते. मोतीबिंदू दिवाळीच्या आधी काढला.

मनाचंही पाहिलं. ज्येष्ठांसाठी १५ प्रश्नांची एक नैराश्याची चाचणी असते, तिच्यात त्या उंबरठ्यावर होत्या. मी औषधाची घाई केली नाही, मनोविकारतज्ज्ञांचं मतही तेच पडलं: आधी हालचाल सुरू होऊ दे, सहा आठवड्यांनी पुन्हा बघू. ज्यांना जगणं नकोसं झालंय, ज्यांचं वजन झपाट्यानं उतरतंय, त्यांच्या बाबतीत असं थांबायचं नसतं.

फिजिओथेरपिस्ट घरी आल्या. त्यांनी एक साधी चाचणी घेतली, कोणालाही समजेल अशी: हात छातीवर दुमडून, खुर्चीतून उठायचं आणि बसायचं, तीस सेकंदांत जमेल तितक्या वेळा. सत्तर ते एकोणऐंशी वयाच्या बाईला दहापेक्षा कमी जमलं तर पाय कमजोर मानतात. मावशींना पाचदा जमलं, आणि पाचव्यांदा त्या धपकन बसल्या. व्यायाम म्हणून दिलं तेही तेच, खुर्चीतून उठणं-बसणं. शिवाय ओट्याला धरून टाचा उचलणं, मग एका हातानं धरून, मग नुसतं बोट टेकवून एका पायावर उभं राहणं, टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालणं.

इथे एक गैरसमज खोडते. घरचे म्हणतात, "आम्ही बाबांना रोज कमाटीबागेत चालायला नेतो, झाला की व्यायाम." चालणं उत्तमच, हृदयाला, साखरेला, मनाला. पण पडणं टाळायचं तर तोल आणि पायांची ताकद यांचं वेगळं काम करावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० च्या मार्गदर्शनात पासष्टीपुढच्यांसाठी हे आठवड्यातून किमान तीन दिवस करायला सांगितलंय, ते चालण्याच्या जोडीला. जगभरच्या शंभरावर चाचण्यांचा एकत्र आढावा २०१९ मध्ये निघाला, त्यात व्यायामानं पडण्याचं प्रमाण जवळपास चौथ्या हिश्शानं कमी झालेलं दिसलं. नुसतं चालण्यानं तेवढं होतं, असा पुरावा त्यात मिळाला नव्हता. प्रोफेसर माणिकरावांची व्यायामशाळा ज्या दांडिया बाजारात आहे, तिथल्या लोकांना मांड्यांची ताकद काय असते हे मी नव्यानं सांगावं, याचं मला जरा हसू येतं. पण आपल्याकडे व्यायामशाळा तरुणांची आणि जपमाळ म्हाताऱ्यांची, अशी वाटणी झालीय खरी.

खाण्याचं थोडक्यात सांगते. सकाळी चहा-खारी, दुपारी वरणभात चार घास, रात्री दूधभात. पन्नास किलो वजनाच्या बाईला दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम प्रथिनं लागतात, मूत्रपिंडं धड असतील तर. नसतील तर डॉक्टरांना विचारूनच. मावशींचं त्याच्या निम्म्यानंही होत नसावं. पेलाभर दुधातून साधारण आठ ग्रॅम मिळतात. मग मुगाची, मटकीची उसळ, पनीर, दाण्याची चटणी, घट्ट वरण असं सुरू झालं. पोटाला जड जातं म्हणाल्या, म्हणून उसळ मऊ शिजवून, थोडी थोडी. आणि एक दिवस त्यांनी नातवाकडून चोरून सेव-उसळ मागवली. त्याबद्दल मला सुनेनं तक्रार म्हणून सांगितलं. मी म्हटलं, वासना परत आली, पेढे वाटा.

सुनेचा विषय निघालाच आहे तर सांगते. या घरात आईला जपायचे सगळे नियम मुलाचे आणि ते पाळून घ्यायचं काम सुनेचं, असं होतं. सासू पडली असती तर बोल तिलाच लागला असता. ती एकदा माझ्याजवळ बोलून गेली, "ह्यांनी फोनवर विचारायचं, आणि मी घरी बघायचं." नियम सैल करायचा विषय आला तेव्हा सगळ्यात जास्त विरोध तिचाच होता, आणि मला त्यात काही चूक वाटली नाही. म्हणून पुढचं सगळं चौघांसमोर बोलून ठरवलं: मुलगा, सून, मावशी आणि ती बाई. मावशी काय काय स्वतः करणार, आणि ते करताना पडल्या तर कोणालाही बोल लावायचा नाही, हे मुलानं सगळ्यांदेखत म्हणायचं. त्याला ते जड गेलं, पण म्हणाला.

बाईला बोलवायला हवं असं घरच्यांच्या मनातही आलं नव्हतं. ती गोध्र्याकडची, मावशींना 'बा' म्हणायची. मावशी जरा हलल्या की तिचं ठरलेलं, "बा, तमे बेसो ने!" तिचा पगार कशाचा होता? बा पडू नये याचा. मग ती बाला उठू कशी देईल? तिला गुजरातीत स्पष्ट सांगितलं की आता तुझं काम बदललं. बा पाणी स्वतः आणतील, तू जवळ राहा. बा भाजी निवडतील, तू धुऊन दे. बा चालताना दंड पकडायचा नाही, अर्धं पाऊल मागे, बाजूला चालायचं. तिनं विचारलं, "अने पडी जाय तो?" मुलानंच उत्तर दिलं की तुला कोणी काही बोलणार नाही.

फोनचं असं ठरलं की मुलानं करायचाच नाही, मावशींनी करायचा, दुपारी जेवल्यावर आणि पाचच्या चहानंतर. फोन फ्रिजवर नाही, कमरेला बांधायच्या कापडी बटव्यात. तो त्यांनीच शिवला. ठरल्या वेळेच्या अर्ध्या तासात नाही आला तर मुलानं बाईला करायचा, तिनं नाही उचलला तर खालच्या शेजाऱ्यांना. पहिला आठवडा त्यानं कसा काढला ते त्यालाच माहीत. एकदा न राहवून केलाच, तर मावशी म्हणाल्या, "माझी वेळ अजून व्हायचीय, ठेव."

घरातले बदल खर्चाच्या मानानं किरकोळ होते. बाथरूममध्ये दोन दांडे बसवले, भिंतीत नीट ठोकून, कारण टॉवेलच्या दांड्याला माणसाचा भार पेलत नाही आणि घसरताना हात नेमका त्यालाच जातो. बसायच्या बुटक्या पाटाऐवजी रबरी पायांचं उंच स्टूल. पलंग ते बाथरूम अशी रात्रभर जळणारी दोन छोटी बॅटरीवरची दिवटी, वीज गेली तरी चालणारी. पायपुसणी सगळी काढून टाकली. सपाता जाऊन मागे पट्टा असलेल्या चपला आल्या. त्यांना मावशींचा कडाडून विरोध होता, कारण त्या 'मुसलमानी काळातल्या दिसतात' म्हणे. याचा अर्थ काय हे मी विचारलं नाही, सुनेनं रंग बदलून आणल्यावर चालल्या.

आता जे झालं ते. श्रावणात मावशी स्वयंपाकघरात पुन्हा घसरल्या. कोथिंबिरीचं पाणी सांडलं होतं. या वेळी मात्र त्यांना उठायचं कसं हे माहीत होतं, कारण फिजिओथेरपिस्टनी तेही शिकवलं होतं. आधी तसंच पडून राहायचं, कुठे दुखतंय ते चाचपायचं. मग कुशीवर वळायचं, कोपरावर येऊन गुडघे टेकायचे, रांगत भक्कम खुर्चीपर्यंत जायचं, दोन्ही हात तिच्यावर ठेवून दणकट पाय पुढे घ्यायचा आणि वळून बसायचं. मावशी तशाच उठल्या, बाई शेजारी उभी होती, तिनं ओढलं नाही. खुर्चीत बसून त्यांनी स्वतः मुलाला फोन केला: "पडले होते. उठले. गुडघ्याला खरचटलंय. तू काम कर."

तो घरी आला, पण बँक सुटल्यावर. मला हे त्यानंच सांगितलं, जरा चकित होऊन.

सगळ्यांच्या बाबतीत असं चालत नाही. डोक्याला मार लागला असेल, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना; किंवा कंबरेत किंवा जांघेत दुखत असून पायावर भार देता येत नसेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल; किंवा पडण्याआधी शुद्ध गेली असेल, तर उठवायची खटपट न करता तडक दवाखाना. जो वारंवार पडतो, ज्याला कंपवात आहे, जो विसरतो की आपल्याला आधार लागतो, त्याच्यासाठी वेगळा विचार लागतो, तिथे बाई जवळ हवीच. आणि जे ज्येष्ठ एकटे राहतात, ज्यांच्या मागेपुढे कोणी नाही, त्यांनी १४५६७ ही सरकारची ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन लिहून ठेवावी.

मावशींची खुर्चीची चाचणी दिवाळीनंतर पुन्हा घेतली, अकरा झाले. नैराश्याचे गुण उतरले, औषध लागलं नाही. भजनी मंडळ सध्या त्यांच्याच घरी भरतं, त्यामुळे सुनेला दर गुरुवारी दहा कप चहा करावा लागतो, आणि हे तिनं मला पुन्हा तक्रार म्हणूनच सांगितलंय.

जिना अजून सुटलेला नाही. मावशींना खंडेराव मार्केटात जाऊन स्वतः भाजी घ्यायचीय. वांगी हातात घेतल्याशिवाय कळत नाहीत, मोबाईलवाला बियांची पाठवतो, हे त्यांचं म्हणणं. मुलगा म्हणतो, सगळं मान्य, जिना नाही. फिजिओथेरपिस्ट म्हणतात, दोन्ही बाजूंना लाकडी कठडा लावला, पायऱ्यांच्या कडांना रंगीत पट्ट्या मारल्या आणि खाली-वर माणूस असला तर आठवड्यातून एकदा हरकत नाही. सुतार येऊन माप घेऊन गेलाय, पण कठडा लावला तर जिना इतका अरुंद होतो की फ्रिज कधी खाली न्यायचा झाला तर जाणार नाही, असा नवाच मुद्दा मुलानं काढलाय. मावशींनी त्यावर विचारलंय की फ्रिजला कुठे जायचंय. पुढच्या बैठकीला दोघंही यायचे आहेत, विषय तोच आहे.